सुकाणूचा दांडा

अथेन्स नगरींतील एका जुन्या जहाजाची गोष्ट आम्ही आमच्या वर्गांत गेलीं सत्तावीस वर्षें सांगत आलों आहों. थीसिअस नांवाचा वीर क्रीट बेटावरून ज्या जहाजांतून परत आला, तें तीस वल्ह्यांचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या जतन करून ठेविलें. एखादी फळी कुजली कीं ती काढावयाची व तिच्या जागीं नवी भक्कम फळी बसवावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. प्लूटार्कनें हें लिहून ठेविलें आहे, आणि त्यावरून तत्त्वज्ञांत कसा वाद माजला तेंही त्यानेंच सांगितलें आहे. कोणी म्हणत जहाज तेंच, कोणी म्हणत तें राहिलें नाहीं. मुलांना हा प्रश्न आवडतो. त्यांच्यांत दोन तट पडतात, घंटा होते, आणि प्रश्न फळ्यावरून तसाच पुसला जातो. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें आम्हांला असें विचारलें नाहीं कीं, बदललेली फळी नेमकी कोणती? आम्हांलाही तें विचारावेंसें वाटलें नाहीं. फळी ती फळी, अशी आमची समजूत होती. गेल्या आश्विनांत ती समजूत ढळली, आणि तिच्याबरोबर आमच्या स्वतःविषयींच्या आणखी एकदोन समजुतीही ढळल्या.

शास्त्री नदी जयगडापाशीं समुद्रास मिळते. तिच्या खाडीच्या कांठीं आमचें मूळचें घर आहे, आणि घराखालच्या धक्क्याला आमच्या वडिलांची शिडाची होडी आहे. लांबी अठरा फूट, शीड एक, फळ्या सागाच्या आणि सांगाडा ऐनाच्या वांकड्या लांकडांचा. खाडींतील बहुतेक होड्यांना आतां इंजिनें बसलीं आहेत, कित्येक तर फायबरच्या आहेत. आमची मात्र अजून वाऱ्याच्या भरंवशावर चालते. वडिलांना घरांत व गांवांत सारे तात्या म्हणत. त्यांना जाऊन अकरा वर्षें झालीं. ह्या होडीचें काय काय बदललें याचा हिशेब आमचे वडील बंधु अण्णा यांच्यापाशीं तोंडपाठ आहे: तळच्या फळ्या दोनदां, डोलकाठी एकदां, शीड चारदां, दोर किती वेळां त्याला गणतीच नाहीं. यांतील एकाही फेरफाराच्या वेळीं घरांत कोणाला हळहळ वाटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. उलट नवें शीड आलें कीं वहिनी त्याला हळदकुंकू लावीत.

वाचकांपैकीं अनेकांचा होडीशीं संबंध आला नसेल, म्हणून दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. सुकाणू म्हणजे होडीच्या पाठीमागें पाण्यांत उभी टांगलेली रुंद फळी. तिच्या माथ्याला बसविलेला दांडा होडीच्या आंत पुढें येतो. तो हातांत धरून होडी वळवावयाची. नवख्याचा पहिला गोंधळ येथेंच होतो, कारण दांडा डावीकडे ढकलला कीं होडी उजवीकडे जाते. दुसरी गोष्ट पुस्तकांतून कळत नाहीं. नीट बांधलेल्या होडीचा दांडा शिडांत वारा भरला असतां हाताला किंचित् ओढ देत असतो. हात निसटला तर अशी होडी आपण होऊन वाऱ्याकडे तोंड फिरविते आणि तिचा वेग मरतो. ही ओढ फार झाली तर दंड भरून येतो. अजिबात नसली तर होडी आंधळी वाटते. वारा वाढला, ओहोटी लागली, तळाला शेवाळ धरलें, हें सर्व डोळ्यांच्या आधीं तळहाताला कळतें, आणि कळतें तें ह्या दांड्यांतून. चाळीस वर्षें तात्यांच्या मुठीखालीं राहून आमचा दांडा टोकाशीं काळसर व गुळगुळीत झाला होता. त्यांचा अंगठा जेथें टेके तेथें एक उथळ खळगा पडला होता. अण्णांनीं व आम्हीं दोघांनींही होडी हांकावयास शिकतांना आपापला अंगठा त्या खळग्यांत ठेविला आहे, आणि आमच्या मुठीवर त्यांची मूठ असे.

गेल्या वैशाखांत पावसाळ्यासाठीं होडी वर ओढून घेतली, तेव्हां दांडा आम्हींच काढला. सुकाणूच्या माथ्यांत तो ज्या बोल्टानें अडकवितात, त्या भोंकापासून निघालेली एक चीर आम्हांला दिसली. बोटभर लांब असेल. चाकूचें टोक आंत सहज गेलें आणि बाहेर आला तो काळा, ओला भुसा. त्याचा अर्थ आम्हांला समजला नाहीं असें नाहीं. अण्णा अंगणांतच होते. हांक मारावयाची, एवढेंच काम होतें. परंतु हांक मारली असती तर सुतार आला असता, सुतार आला असता तर दांडा गेला असता, आणि दांड्याबरोबर तो खळगाही गेला असता. आम्हीं हांक मारली नाहीं. बाजारांतून लांबी आणली, चीर भरली, वरून तपकिरी रंगाचे दोन हात दिले, आणि दांडा पडवीच्या तुळईला टांगून पुण्यास परत आलों. काम इतकें सफाईचें झालें होतें कीं, पुढें अण्णांनीं फोनवर त्याची तारीफ केली. आम्हीं ती ऐकून घेतली.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यांत गेली. दसऱ्याच्या सुटींत आमची धाकटी बहीण आपल्या दोन मुलांना घेऊन आली होती. मुलें, अण्णा आणि आम्ही असे चौघे होडींत बसून निघालों. ओहोटी लागली होती. खाडीच्या मुखाकडे जेथें पाण्याची ओढ सर्वांत अधिक, तेथें होडी फिरविण्यासाठीं अण्णांनीं दांडा दाबला, आणि तो भोंकापाशींच तुटून त्यांच्या हातांत आला. सुकाणू मोकळें सुटलें, होडी आडवी झाली, आणि शिडाखालची काठी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेली ती मोठ्या भाच्याच्या डोक्यावरून वीतभर अंतर राखून. अण्णांनीं शीड उतरविलें. आम्हीं एक वल्हें मागें टाकून त्याचेंच सुकाणू केलें, आणि अर्ध्या तासानें आम्ही वाळूला लागलों. मुलांना ती सारी मौज वाटली. अण्णा मात्र वाळूवर बसून दांड्याचें तुटलेलें तोंड बराच वेळ पाहत होते. काळ्या लांकडांत आमची लांबी पांढरी स्वच्छ दिसत होती.

त्या दिवशीं ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं गांवांतील सुतारांना बोलावणें पाठविलें, आणि जुन्याच दांड्याला दोन्ही बाजूंनीं लोखंडी पट्ट्या मारून तो पुन्हां बसवावा असा आपला बेत सांगितला. सुतार सत्तरीचे आहेत. होड्यांचें काम करणारे त्यांच्या घरांतले ते शेवटचे, मुलगा फर्निचरचें काम करतो. त्यांनीं दांडा हातांत घेतला, आणि आम्हांस नवल वाटलें तें हें कीं, त्यांनीं भोंकाकडे न पाहतां आधीं दांड्याच्या वळणाकडे पाहिलें. "हा फळींतून कापलेला आहे, भाऊ," ते म्हणाले. लांकडाचे तंतु खोडाच्या लांबीनें धांवतात. सरळ फळींतून वांकडी वस्तु कापून काढली कीं वळणापाशीं ते तुटतात, वस्तूच्या कडेवर येऊन संपतात. ताण पडला म्हणजे लांकूड नेमकें त्याच रेषेनें दुभंगतें. आमच्या दांड्याचें वळण माथ्यापासून लगेच सुरू होत होतें आणि भोंकही तेथेंच होतें. साग पाण्याला दाद देत नाहीं, त्याच्या अंगचें तेल त्याला कुजूं देत नाहीं, ही त्याची कीर्ति खरी आहे. पण तंतूंच्या उघड्या टोकांतून पाणी शिरूं लागलें आणि लोखंडी बोल्टाचा गंज त्याला मिळाला कीं सागही केव्हांतरी हात टेकतो. शिवाय साग टिकाऊ आहे तितका चिवट नाहीं. पट्ट्या मारण्यासाठीं त्यांत आणखी चार भोंकें पाडावीं लागतील, आणि तीं पाडण्यास सुतारांनीं साफ नकार दिला. तो दांडा भिंतीवर लावावयाचा असेल तर पट्ट्या मारून देतों, म्हणाले. पोरें बसावयाचीं असतील तर नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं अण्णांना वैशाखांतली हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. लांबी काय झाडाला येते?" मग थोड्या वेळानें म्हणाले, "मी दोन दिवस विचार करतोय, ती चीर मला दिसली असती तर मी काय केलं असतं. मीही लांबीच भरली असती."

हें ऐकून आम्हांला फार बरें वाटलें. पुढें पुण्यास आल्यावर ह्या बरें वाटण्याचीच आम्हांला लाज वाटूं लागली, आणि हा लेख लिहिण्याचें कारण तेंच आहे.

आमच्या व्यवसायास अनुसरून आम्ही प्रथम ग्रंथांकडे वळलों. मिलिंद राजाला नागसेनानें एकामागून एक विचारलें कीं दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय; राजा प्रत्येकास नाहीं म्हणत गेला, आणि 'रथ' हें त्या सर्वांच्या मेळाला दिलेलें व्यवहाराचें नांव आहे असें शेवटीं ठरलें. नैयायिकांचें मत ह्याच्या उलट. संपूर्ण वस्तु ही तिच्या भागांहून वेगळी व खरी आहे असें ते मानतात. आणि तसें मानल्यामुळेंच एक भाग गेला कीं जुनी वस्तु नष्ट होऊन तिच्या जागीं दुसरी उत्पन्न झाली असें त्यांना म्हणावें लागतें. इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्स यानें १६५५ सालीं त्या ग्रीक जहाजाच्या प्रश्नाला नवा पेंच घातला: काढून टाकलेल्या साऱ्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेविल्या व त्यांचें पुन्हां जहाज जोडलें, तर त्या दोहोंपैकीं खरें कोणतें? हे सर्व विचार सूक्ष्म आहेत, आणि ते शिकविण्यांत आमची उमेद गेली आहे. परंतु ह्या खेपेस तीं पुस्तकें चाळतांना त्या सर्वांत एक गोष्ट समान दिसली. सर्वांच्या मतें वस्तूचे भाग हे एका पंक्तीला बसणारे असतात. मिलिंदाच्या रथांत आंस कोणाला चाकाहून अधिक प्रिय नाहीं. घरांतल्या वस्तूंचें तसें नसतें. आमच्या होडीचा तळ दोनदां पालटला तेव्हां आम्ही जेवावयास वेळेवर आलों. चार फुटांचा एक दांडा जाण्याचें चिन्ह दिसलें, तर आम्ही खोटें बोललों. कारण फळी होडीची असते आणि दांडा माणसाचा. 'वस्तु तीच काय?' हा प्रश्न आम्हांला कधींच पडलेला नव्हता. 'वडील ह्यांत अजून आहेत काय?' असा प्रश्न आम्हीं लांकडाला विचारीत होतों, आणि लांकडानें आपलें उत्तर काळ्या भुशाच्या रूपानें दिलें होतें.

खोटें बोललों असें आम्ही म्हणतों, आणि कोणी दयाळु वाचक म्हणेल कीं हा शब्द कठोर आहे. आपण बोललांत कोठें, केवळ गप्प राहिलांत. हा युक्तिवाद आम्हीं स्वतःशीं अनेक वेळां केला आहे. पण रंगाचे दोन हात म्हणजे गप्प राहणें नव्हे. चीर उघडी ठेवून आम्ही निघून गेलों असतों तर तें गप्प राहणें झालें असतें. आश्विनांत अण्णांच्या नजरेस ती पडली असती. रंग हें विधान होतें. 'येथें कांहीं झालेलें नाहीं' असें तो दांडा प्रत्येक पाहणाऱ्याला सांगत होता, आणि तें त्याच्या तोंडीं आम्हीं घातलें होतें.

अथेन्सच्या त्या जहाजाविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर्गांत वेळ पुरत नसल्यानें ती आम्ही नेहमीं गाळीत आलों. प्लेटोच्या ग्रंथांत म्हटल्याप्रमाणें, हेंच तें जहाज म्हणून दरवर्षीं अथेन्सची यात्रा घेऊन तें डेलॉस बेटावर जाई, आणि परत येईपर्यंत नगरांत कोणाला देहान्त शासन देऊं नये असा नियम होता. इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें सॉक्रेटीसची चौकशी झाली तिच्या आदल्याच दिवशीं जहाजाच्या पिछाडीला हार चढले होते. म्हणून तो सुमारें महिनाभर तुरुंगांत जिवंत राहिला. त्या जहाजांत थीसिअसच्या हातची एक तरी फळी उरली होती कीं नाहीं ह्याची पंचाईत त्या महिन्यांत न्यायाधीशांनीं केली नाहीं. अथेन्सनें अपोलो देवाला केलेला नवस तेंच जहाज फेडीत होतें, इतकें त्यांना पुरे होतें. शिवाय, त्या तत्त्वज्ञांना वाद घालतां आला तो कशामुळें? फळ्या उघड उघड, सर्वांच्या देखत बदलल्या जात होत्या म्हणून. अथेन्सच्या सुतारांनीं रात्रीं जाऊन लांबी भरली असती तर तत्त्वज्ञान एका सुंदर प्रश्नाला मुकलें असतें, आणि जहाज एके दिवशीं डेलॉसच्या वाटेवर यात्रेकरूंसह तळाला गेलें असतें.

आपल्याकडे ह्या बाबतींत याहूनही खोल समज आहे असें आम्हांला वाटतें. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ति कडुनिंबाच्या लांकडाच्या आहेत, आणि लांकूड जीर्ण व्हावयाचें हें तेथें गृहीतच धरलें आहे. ज्या वर्षीं अधिक आषाढ येतो अशा वर्षीं नवकलेवर होतें. अलीकडचें २०१५ सालीं झालें. रानांतून लक्षणें पाहून झाडें निवडतात, नव्या मूर्ति घडवितात, आणि जुन्या मूर्तींच्या अंतरींचा ब्रह्मपदार्थ रात्रीच्या वेळीं नव्या मूर्तींत ठेवितात; ठेवणाऱ्याचे डोळे बांधलेले असतात व हातांस वस्त्र गुंडाळलेलें असतें. आम्हांला विशेष वाटतें तें पुढचें. जुन्या मूर्ति मंदिराच्या आवारांतच भूमींत पुरतात आणि दैतापति सेवक घरांतलें माणूस गेल्याप्रमाणें सुतक पाळतात. जें गेलें तें गेलें असें म्हणून ते रडतात, आणि जें राहिलें त्याच्यासमोर उभे राहतात. दोन्ही एकाच आठवड्यांत कशीं शक्य होतात हें आमच्या तर्कशास्त्राला विचारूं नये. आमच्या वहिनींनीं मात्र पहिल्याच दिवशीं हेंच सांगितलें होतें. खंडित मूर्ति कोणी देव्हाऱ्यांत ठेवतं का, असें त्या स्वयंपाकघरांतूनच म्हणाल्या, आणि आम्हां दोघां भावांना त्यांचें म्हणणें बायकी वाटलें.

मग स्मृतीला घरांत जागाच नको काय? अण्णांनीं आम्हांला हें विचारलें आणि तो प्रश्न सोपा नाहीं. आठवणीच्या वस्तु ठेवाव्यात. आमच्याकडे तात्यांचा चष्मा आहे, पंचांगें आहेत, त्यांनीं लिहिलेल्या भरतीओहोटीच्या वह्या आहेत, आणि त्यांतील एकही टाकण्याची कल्पना आम्हांला सहन होत नाहीं. परंतु चष्मा आतां कोणी घालीत नाहीं. आठवणीच्या वस्तूचा धर्म हा कीं ती बदलूं नये. कामाच्या वस्तूचा धर्म हा कीं ती झिजली म्हणजे बदलली जावी. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं १८१७ सालीं बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें सागवानी लढाऊ जहाज आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाहावयास मिळतें, आणि त्याचें पुष्कळसें मूळचें लांकूड अजून शाबूत आहे. तें तसें ठेवतां येतें, कारण त्याला आतां वादळाला तोंड द्यावयाचें नाहीं. आम्हांला एकाच दांड्याकडून दोन्ही हवें होतें. तो तात्यांचाही राहावा आणि मुलांना घेऊन खाडीच्या मुखापर्यंतही जावा. जो एका वस्तूकडून अशीं दोन कामें मागतो, त्याला कोठेंतरी लांबी भरावीच लागते. प्रीति ही आमची चूक नव्हती. त्या प्रीतीची किंमत भाच्यांच्या जिवावर लावली आणि ती आम्हीं कोणाला सांगितली नाहीं, ही होती.

ही गोष्ट एका घरापुरती आहे असेंही नाहीं. गांवीं जातांना आम्ही महाडावरून जातों. सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानींतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पुराचा वांटा किती आणि वयाचा किती, हा वाद अभियंत्यांचा आहे. आम्हांला आठवते ती आमची स्वतःची जीभ. त्या पुलावरून जातांना 'हें बघा जुनें काम' म्हणून आम्हीं मुलांना किती वेळां सांगितलें असेल! जुन्या कामाची स्तुति करणारानें कधींतरी खालीं उतरून चाकूचें टोक लावून पाहावें लागतें, आणि तें काम आपल्यापैकीं कोणालाच आवडत नाहीं.

आतां अण्णांच्या त्या वाक्याकडे येऊं. 'मीही लांबीच भरली असती.' दोन भाऊ एकाच मोहाला बळी पडले असते, ह्यानें आमचा अपराध निम्मा होतो असें आम्हांला त्या रात्रीं वाटलें. परंतु अण्णा आणि आम्ही एकाच बाजूचे. क्षमा करावयाची तर ती ज्यांना पाण्यांत बसविलें त्यांनीं किंवा त्यांच्या आईनें, आणि तिला तर कांहींच ठाऊक नव्हतें. दांडा जुना होता, तुटला, एवढेंच तिला सांगण्यांत आलें होतें. तेंही खरेंच होतें, आणि तीही लांबीच होती.

भाऊबिजेला आम्ही तिच्या घरीं गेलों. ओंवाळण्याआधीं सांगावें कीं नंतर, ह्याचा आम्ही गाडींत बसून विचार करीत होतों, ही गोष्ट आमच्या धैर्याविषयीं पुरेशी बोलकी आहे. आधीं सांगितलें. तिनें तबक खालीं ठेवलें. बराच वेळ ती कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "दादा, तू मला वैशाखांत सांगितलं असतंस तर मी हसले असते. म्हटलं असतं, बदला तो दांडा. एवढंच झालं असतं." नंतर तिनें विचारलें, "मुलांना सांगितलंस?" आम्हीं नाहीं म्हटलें. तिनें मोठ्याला हांक मारली. तो बारा वर्षांचा आहे. त्याला आम्हीं सर्व सांगितलें, आणि त्यानें लक्ष देऊन ऐकून घेतलें. त्याला रागबीग कांहीं आला नाहीं. त्याची शंका एवढीच होती कीं, "मामा, रंग लावल्यावर ती चीर खरंच कोणाला दिसली नसती?" नसती, असें आम्हांला सांगावें लागलें. तेव्हां त्यानें आमच्याकडे जें पाहिलें तें आम्ही अजून विसरलों नाहीं. मग तिनें ओंवाळलें.

नवा दांडा मार्गशीर्षांत झाला. सुतारांनीं त्यासाठीं धामणीचें लांकूड घेतलें. सह्याद्रीच्या रानांत हें झाड होतें. त्याचें लांकूड लवतें पण सहसा मोडत नाहीं, म्हणून पूर्वी धनुष्यें व कावडीच्या काठ्या ह्याच्या करीत. विलायतेंत ह्या कामाला ॲश नांवाच्या झाडाचें लांकूड वापरतात, आणि वळण आणण्यासाठीं तें वाफेवर मऊ करतात किंवा पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून साच्यांत दाबतात. सुतारांना ह्यांतलें कांहींच करावें लागलें नाहीं. त्यांच्या माळ्यावर वांकड्या फांद्यांची एक रास आहे; रानांतून येतां जातां जी उपयोगी वळणाची दिसेल ती आणून टाकण्याची त्यांची जन्माची संवय. झाड ज्या वळणानें वाढलें त्याच वळणानें त्याचे तंतु गेलेले असतात, तेव्हां मध्यें कोठें तुटण्याचें कारण नाहीं. सात वर्षें वाळलेली एक फांदी निघाली. तिचें वळण जुन्या दांड्यापेक्षां थोडें अधिक होतें. "होडीला चालेल," ते म्हणाले, "तुमच्या डोळ्याला चालतंय का तें बघा." वाकसानें तासून त्यांनीं ती चौकोनी केली, चार कोपरे छाटून अष्टपैलू केली, आठांचे सोळा पैलू केले, आणि रंध्यानें व कानशीनें शेवटीं हातापुरता भाग गोल केला, माथा मात्र जाड व चौकोनीच ठेवला. भोंक लागतें त्याहून मोठें पाडून आंतल्या लांकडाला दोन दिवस उंडीचें तेल पाजलें, मग त्यांत पितळेची नळी ठोकली. बोल्ट आतां त्या नळींतून जातो. लांकडाला शिवत नाहीं.

टोकाला खळगा कोरूं का, असें त्यांनीं विचारलें. जुना दांडा समोरच होता. माप घेऊन हुबेहूब कोरून दिला असता. अण्णा हो म्हणाले. आम्हीं कांहीं बोलण्याआधींच सुतारांनीं मान हलविली. "कोरून देतों, पण मग तो माझ्या पटाशीचा खळगा होईल, अण्णा." अण्णा हंसले, आणि तो विषय तेथेंच राहिला.

जुना दांडा वहिनींना खाडींत सोडावयाचा होता. अण्णांनीं तो पडवींत तात्यांच्या तसबिरीखालीं टांगला आहे, तुटलेलें तोंड बाहेर करून. लांबी खरवडून काढावी असें आम्हीं सुचविलें. त्यांनीं काढूं दिली नाहीं. नव्या दांड्याचें वळण अधिक असल्यामुळें हात पूर्वीपेक्षां दोन बोटें वर येतो आणि त्यांचा खांदा दुखतो, असें त्यांनीं परवां फोनवर सांगितलें. येत्या वैशाखांत होडी वर ओढावयाची, तेव्हां बोल्ट काढून भोंक तपासण्याचें काम मोठ्या भाच्याकडे दिलें आहे. चाकू तो आपला स्वतःचा आणणार आहे.